न वाजलेली घंटा

गाडीतून उतरता उतरता नुमातासाहेबांनी शिओरीला बजावलं, "माफी मागताना तू फक्त वाकायचंस. मी उठलो की मगच उठायचं."

"आणि काही विचारलं तर?"

"तर आणखी वाकायचं."

वृद्धाश्रमातलं माणूस खाटेवरून हललं की घंटा वाजवणारी संगणकप्रणाली त्यांच्या कंपनीची, लिहिलेली शिओरीने. घंटा फार वाजते अशी तक्रार आली, तेव्हा बदलही तिनेच केला: खोलीत एक घंटा नुकतीच वाजलेली असेल, तर दुसरी वाजू द्यायची नाही. मग एका दुपारी एका आजींनी कूस बदलली, घंटा वाजली, आश्रमातल्या सेविका हिरोसेबाई येऊन पाहून गेल्या. त्यांची पाठ वळली आणि शेजारच्या ओगाता आजी उठल्या. घंटा गप्प. ओगाता आजी पडल्या, त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, आणि घंटा ऐकली नाही म्हणून ठपका हिरोसेबाईंवर आला. महिनाअखेरीस त्यांची नोकरी जाणार होती.

ओगाता आजींच्या लेकीच्या घरी हिरोसेबाई आधीच येऊन बसल्या होत्या, हात मांडीवर, मान खाली.

"यंत्रात दोष आढळला नाही," साहेब मऊ आवाजात म्हणाले, "तरी आपल्याला जो त्रास झाला..."

तिघांनी चटईला कपाळ टेकवलं. साहेब उठले. हिरोसेबाई उठल्या. शिओरी उठेना.

"चटईला चिकटलीस का?" साहेब दातांतल्या दातांत पुटपुटले.

"घंटा वाजलीच नव्हती," शिओरी खालूनच म्हणाली. "मी केलेल्या बदलामुळे."

"दमलीय बिचारी, काहीतरी..."

"तुम्ही जरा गप्प बसा हो," लेक म्हणाली.

हिरोसेबाईंचा हात कानाशी गेला. "मी दोनदा कान तपासून आले. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहेत. मला खरं वाटेना. म्हटलं, वयच झालं आपलं." मग शिओरीकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

लेकीने फोन उचलला, आश्रमाच्या व्यवस्थापकांना लावला आणि शिओरीपुढे धरला.

"आता हेच त्यांना सांगा. आणि उठून सांगा, खाली तोंड घालून नाही."

शिओरी उठली. पायांना मुंग्या आल्या होत्या, पण ती सगळं सांगत गेली. साहेबांनी डोळे मिटून घेतले. हिरोसेबाई शब्दन् शब्द ऐकत होत्या. तिच्याकडे मात्र एकदाही पाहत नव्हत्या.