रिकामा चौकोन

माझा भाऊ नायिफ होईपर्यंत, पहिली सात वर्षं, अख्खं अम्मान माझ्या बाबांना ‘अबू सुहैर’ म्हणायचं. सुहैरचे वडील; सुहैर म्हणजे मी. नायिफ झाला त्या दिवसापासून ते ‘अबू नायिफ’. एका न्हाव्यानं चुकून जुन्या नावानं हाक मारली, तर त्याच्या दुकानात बाबांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं ते काही माया उतू गेली म्हणून नव्हे. नायिफनं लंडनच्या वकिलाकडून करून घेतलेले कागद आले होते आणि बाबांना इंग्रजीचा गंध नाही. बाहेर कुणाकडून भाषांतर करून घ्यावं तर घरची गोष्ट चव्हाट्यावर. मग काय, हक्काची मुलगी आहेच!

“वाच,” ते म्हणाले. “आणि अक्कल पाजळू नकोस. सही कुठे तेवढं सांग.”

लंडनचा फ्लॅट, ज्याच्या भाड्यावर बाबांचं घर चालायचं, तो त्यांच्या नावावरून एका नव्या कंपनीच्या नावावर जाणार होता. कंपनीचे सगळेच्या सगळे शेअर नायिफचे. बाबांच्या मागे कायद्यानं मला एक तृतीयांश हिस्सा मिळायचा, तो गेलाच.

“कंपनी कशाला, बाबा?”

“कर वाचतो म्हणे.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “आणि खरं सांगू? तुझा वाटा तुझ्या नवऱ्याच्या घशात जाणार. परक्याच्या!”

आईच्या शेवटच्या दुखण्यात तिला उचलून न्हाणीत नेणारा माझा नवरा, तो परका. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शेवटच्या पानावर एक चौकोन होता. फ्लॅट देणाऱ्याला हयातभर भाडं मिळत राहायला हवं असेल तर इथे खूण करा. चौकोन रिकामा होता. नायिफ विसरला की त्यानं मुद्दाम सोडला, देव जाणे. पेन माझ्याच हातात होतं.

“काय गं, अडलीस कुठे?”

“बाबा, इथे एक...”

“मी काय सांगितलं तुला? सही कुठे?”

मला आणखी एकदा बोलता आलं असतं. नाही बोलले. सहीच्या जागेवर बोट ठेवलं, आणि बाबांनी झोकात सही ठोकली.

सहीनंतर पाचव्या महिन्यात भाडं यायचं थांबलं. नायिफ फोनवर एकदाच म्हणाला, “तो कंपनीचा पैसा आहे बाबा, घरचा नाही.” काल बाबा एक पिशवी घेऊन माझ्या दारात उभे. त्या परक्यानंच पिशवी आत घेतली.

मी कॉफी देताना बाबांनी माझा हात धरला. “तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस गं? मी तुझा बाप ना? अबू सुहैर ना मी?”

मी हात सोडवून घेतला.

“ते सदतीस वर्षांपूर्वीच गेले,” मी म्हणाले. “कॉफी घ्या, अबू नायिफ. गार होतेय.”