उपवासातलं बदक आणि गेरविनचा टोप

पैज लागली बोग्नाबाईच्या बियरच्या बाकड्यावर. नावाडी सुलेक म्हणाला, "पांढऱ्या झग्यातला माणूस उपवासात मांस खाईल? उगाच आळ घेऊ नकोस."

बोग्ना म्हणाली, "माझं अंडी देणारं बदक खाल्लंय त्या गेरविननं. पिसं पडलीत त्याच्या नावघरापुढं, होड्या ठेवतात तिथं."

"पिसं वाऱ्यानंही येतात."

"मग लाव पैज, सुलेकदादा. हरेल त्यानं रविवारी चर्चपुढं बदक होऊन चालायचं."

"आणि पंख?"

"हात आहेत की."

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी टोप आहे. त्याच गेरविनच्या डोक्यावरचा. लोहारानं मला ठोकलं तेव्हा वाटलं होतं, मोठमोठ्या लढाया बघीन. नशिबी आलं हे टाळकं. गेरविन दोबझिनच्या धर्मसंघातला. म्हणजे अर्धा साधू, अर्धा शिपाई आणि पुरता खादाड. मूठभर माणसं, पण तोरा राजाचा. गावची कोंबडी यांची, नदीचा मासा यांचा, वर उपदेशही यांचाच.

ईस्टरआधीचा मोठा उपवास चालू होता. मांस बंद, फक्त मासा चालायचा. मठातल्या चुलीवर चोरून काही शिजवायची सोय नाही, म्हणून गेरविननं नावघरात मला उलटा करून विस्तवावर ठेवलं. कांदा टाकला, बदक टाकलं. जेवण उरकतंय तोच प्रार्थनेची घंटा झाली. मला रेतीनं घासायचं राहिलं. चरबी आत गोठली आणि मी तसाच खुंटीला.

बोग्नानं तक्रार केली. संघप्रमुख म्हणाला, "रविवारी सगळ्यांसमोर ऐकतो. आळ खोटा निघाला तर तुझं बाकडं बंद." बाईचं पोट त्याच बाकड्यावर होतं.

रविवारी गेरविन मला डोक्यावर दाबून, छाती काढून उभा. "मी तर मासाच खातो." उन्हानं डोकं तापलं तशी चरबी सुटली. एक ओघळ कपाळावर, एक नाकावर. मठाचं कुत्रं पुढं आलं आणि दोन पायांवर उभं राहून त्याचा गाल चाटायला लागलं.

"घाम आहे," गेरविन म्हणाला.

प्रमुखानं बोटावर घेऊन हुंगलं. "घामात कांदा कधीपासून घालतोस?"

झगा उतरला. संघाच्या नियमानं गेरविनला जमिनीवर, कुत्र्यांच्या पंगतीत जेवायची शिक्षा झाली. बदकाच्या बदल्यात मी बोग्नाला मिळालो. पुढं थोड्याच वर्षांत तो संघ दुसऱ्या मोठ्या संघात विरघळला. गावात कुणी रडलं नाही. माझ्यात आता बोग्नाचं बदक अंडी उबवतं. म्हणून सांगतो मित्रांनो, वापरलेली वस्तू लगेच घासून ठेवा. आम्ही विसरत नाही.

हां, पैज राहिली. त्याच रविवारी बोग्नानं तिथल्या तिथं मला सुलेकच्या डोक्यावर चढवलं. हात फडफडवत, फेंगडं चालत तो चर्चपुढच्या विहिरीला फेरी मारू लागला. मागं बोग्नाची उरलेली बदकं रांगेनं.

"जरा खाली बस, दादा," बोग्ना ओरडली. "माझं बदक एवढं उंच नव्हतं."