जवळच्या विहिरीचं पाणी

आखातीजेच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी भंवरलालजींनी आपल्या कापसाच्या जिनिंगच्या फाटकाशी पाणपोई उघडली, तेव्हा त्यांची मुलगी लाडबाई हैदराबादहून सुट्टीला आलेली होती. घनसावंगीकडच्या बैलगाड्या जालन्यात शिरत त्या याच रस्त्यानं. गाडीवान रांजणाभोवती गोळा झाले. धर्माचं पाणी आधी मालकानं प्यायचं, मग दुनियेनं, ही या घराची रीत. भंवरलालजींनी पेला घटाघटा रिकामा केला आणि मिशा पुसत म्हणाले, "घ्या आता, बापहो. मी मेलो न्हाई, तुम्ही बी मरणार न्हाई."

गाडीवान हसले. लाडबाईही हसली. तिला जीजी म्हणणारा धाकटा चुलतभाऊ नवलकिशोर मात्र रस्त्याकडं बघत होता.

"आमची लाड पाण्याची बॅलिष्टर होऊन राह्यली," भंवरलालजी सांगत होते. "पाणी बी आता कॉलेजात शिकवतेत."

"मंग बाई समद्यांला पाणी पाजणार म्हणा की," रांजण भरणारा कडूबा म्हणाला.

निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. घरात शिकायची हौस भंवरलालजींना. मुलीला आणि पुतण्याला दोघांनाही त्यांनीच विद्यापीठात धाडलं. लाडबाई रसायनशास्त्राची पदवी घेऊन पाण्याच्या परीक्षणाचा अभ्यासक्रम करत होती. नवल वाणिज्य शिकून, भांडवल आणि नफ्याची पुस्तकं पचवून परत आला होता आणि जिनिंगचा कारभार बघू लागला होता.

आदल्या वर्षी लाडबाईनं जिनिंगच्या दोन्ही विहिरींचं पाणी बाटल्यांत भरलं, पेटीत भुसा आणि बर्फ घातला आणि रेल्वेनं हैदराबादला नेलं. रात्रभर ती पेटी मांडीवर धरून बसला होता तो नवलच. लांबची विहीर चांगली निघाली. जवळच्या विहिरीत मजुरांच्या संडासाची घाण झिरपत होती. निकाल तिनं पहिल्यांदा त्यालाच सांगितला.

"तुम्ही जंतू मोजता, जीजी, आम्ही नफा," तो म्हणाला होता. "तुमचे जंतू न सांगता वाढतात. आमचंच नशीब फुटकं."

भंवरलालजींनी जवळच्या विहिरीवर फळ्या ठोकल्या आणि लांबच्या विहिरीवरून गाडीनं पाणी आणायला लावलं.

आखातीजेचा आठवडा सरायच्या आत पटकीनं भंवरलालजींना नेलं. पाणपोईवर प्यालेले दोन गाडीवानही गेले.

सुतक सुरू असतानाच लाडबाई जिनिंगच्या आवारात गेली. जवळच्या विहिरीवरच्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या.

"नवलशेठनी गाडी बंद केल्ती," कडूबा खाली मान घालून म्हणाला. "म्हणले, दारात विहीर असताना लांबून पाणी आणायचा खर्चा कशाला. मोठ्या शेठला बोलू नको म्हणले. मला काय ठावं, बाई? पाणी तर काचंवानी दिसत व्हतं."

ती आईकडं गेली. भगवतीदेवींनी सगळं ऐकून घेतलं आणि मुलीच्या तोंडावर हात ठेवला. "गेलेला माणूस परत येणार आहे का? धंदा आता त्याच्या हातात. घरातलं घरात राहू दे."

लाडबाईनं हैदराबादला जाऊन परीक्षा दिली, पहिली आली. वाचायचं वेड तिला लहानपणापासून. वाचलेल्या कितीतरी पुस्तकांत क्षमेचे गोडवे होते. तिला ते तोंडपाठ होते आणि त्यातला एकही पटत नव्हता. नवलला तुरुंगात पाठवायला पुरेल असा पुरावा तिच्याकडं नव्हता. मग तिनं कायद्याचा विचार सोडून दिला.

पुढच्या आखातीजेला नवलनं काकांच्या नावाचा दगड बसवून पाणपोई पुन्हा सुरू केली. निम्मा बाजार लोटला. लाडबाई उजाडायच्या आधीच आली होती. काका गेल्यावर नवलनं गुपचूप पुन्हा ठोकून घेतलेल्या फळ्या तिनं कडूबाकडून उचकटून घेतल्या आणि स्वतःच्या हातानं बादली आत सोडली.

नारळ फुटला. रांजणात लांबच्या विहिरीचं पाणी होतं; ती मात्र आपल्या बादलीतला पेला घेऊन पुढं आली. "पी, नवल. आता मालक तू."

त्यानं पेला ओठांपर्यंत नेला. तिचा ओला पदर, तळहातावरचे दोराचे वळ त्याला दिसले. आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "जीजी, कुठल्या विहिरीचं?"

"दारातल्या. खर्चा नको म्हणून."

"तमाशा नको. लोक बघून राह्यले."

"बघू देत."

रामकिसन आडत्या उन्हानं वैतागला होता. "प्या की, नवलशेठ. आपल्याच धर्माच्या पाण्याला भेता का?"

लोक हसले. नवलनं घाईनं पेला ओठांपासून दूर केला, पाणी धोतरावर सांडलं. त्यानं तो रांजणाच्या कट्ट्यावर ठेवला आणि धोतर झटकू लागला, जणू निखारा पडला होता. हसणं थांबलं. गर्दीतून भगवतीदेवी लेकीकडं बघून मान हलवत होत्या, नको म्हणून.

लाडबाईनं आईकडं एकदा पाहिलं. मग मागच्या गाडीवानालाही ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलली.

"तुला ठाऊक होतं, नवल. माझ्या बापाला तू मारलंस. आणि आज तू हे पाणी प्याला असतास, तर मी तुझा हात धरून तुला अडवलं नसतं."