उजव्या गालावरचा तीळ

बंद पडलेल्या टॉकीजसमोर तीन वर्षांनी पुन्हा रांग लागली होती, आणि तीही भर दुपारी. आत सिनेमा नव्हता. आत एका बाबांच्या कृपेने पडद्यावर मेलेली माणसं येत आणि आपापल्या घरच्यांशी बोलत. कुणाचा नवरा येऊन गेला होता, कुणाची लेक. बाहेर येणारे डोळे पुसत येत, आणि त्यांना पाहून रांग आणखी वाढे.

त्या रांगेत एक दिग्दर्शक आईला धरून उभा होता. दिग्दर्शक म्हणजे पदरमोड करून, स्वतःच्या कॅमेऱ्यावर छोटे सिनेमे करणारा. ते पाहायला चाळीसेक माणसं यायची; त्यातली निम्मी नात्यातली, उरलेली चुकून आलेली. याच टॉकीजने एकदा त्याला सकाळचा एक खेळही नाकारला होता.

त्याचा धाकटा भाऊ आठ महिन्यांपूर्वी अपघातात गेला. आई इथे त्याला दोनदा भेटून गेली होती. दुसऱ्या भेटीत तो पडद्यावरून म्हणाला, "आई, तुला सुई टोचली की मला इथे लागतं. सुया सोड, बाबांचा काढा घे." त्या दिवसापासून इन्सुलिन फ्रिजच्या दारात तसंच पडून होतं. आता आईच्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. सकाळीच डॉक्टरांनी सांगितलं, आज औषध सुरू झालं नाही तर पाय जाईल, पाठोपाठ बाई जाईल. दिग्दर्शकाने घरी हात जोडले, आरडाओरडा केला. आई एवढंच म्हणाली, "हे त्याच्या तोंडावर सांग. मग बघू." म्हणून तो आला होता.

आत मंचावर बाबा उभे होते. लोक त्यांना पडदेबाबा म्हणत.

"हे यंत्र नव्हे, ही खिडकी आहे," बाबा सांगत होते. "आत्मा म्हणजे तरंग. तरंग म्हणजे सिग्नल. मोबाईलला रेंज मिळते, मग श्रद्धेला का मिळू नये?"

लोकांनी माना डोलावल्या. विज्ञानातले चार शब्द पाण्यात कालवून पाजले की ते तीर्थ होतं, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं.

आधी एका शिंप्याचे वडील आले. त्यांनी मुलाला आशीर्वाद दिला, दुकानाची चौकशी केली. शिंपी ढसाढसा रडला. मग पडदा पुन्हा उजळला आणि धाकटा दिसला.

"आई, जेवलीस का?"

आवाज तोच होता, शब्दाआधी श्वास घ्यायची लकबही तीच. ही किमया कशी होते हे त्याला माहीत होतं, तरी तो खुर्चीत पुढे सरकला. गेल्याच महिन्यात नव्या सिनेमासाठी त्याने आवाजाची नक्कल करणाऱ्या तसल्याच यंत्राकडून भावाच्या आवाजात एक वाक्य म्हणवून घेतलं होतं. ते इतकं हुबेहूब आलं की तो घाबरला. भावाने कधी न उच्चारलेलं वाक्य त्याच्या तोंडी घालायचा आपल्याला काय अधिकार, असं वाटून त्याने ते पुसून टाकलं होतं. जिवंतपणी कॅमेऱ्यापुढे धाकटा एक ओळ दहा वेळा चुकायचा. यंत्र एकदाही चुकलं नव्हतं.

मग त्याचं लक्ष गालाकडे गेलं. तीळ उजव्या गालावर होता.

धाकट्याचा तीळ डावीकडे होता. उजवीकडे तो जगात एकाच ठिकाणी होता, दिग्दर्शकाच्या पहिल्या सिनेमात. त्यात धाकटा खिडकीशी बसून मित्राशी बोलतो. चित्रीकरण संपलं, त्यासाठी भाड्याने घेतलेलं घर रिकामं करून दिलं, आणि संकलन करताना कळलं की दोघेही एकाच दिशेला बघतायत. समोरासमोर बसल्यासारखे वाटतच नाहीत. नवशिक्याची चूक. पुन्हा चित्रीकरण करणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने धाकट्याची सगळी दृश्यं आरशासारखी उलटी करून टाकली. ते पाहून धाकटा हसत म्हणाला होता, "दादा, तीळ सरकवलास माझा. आता आई ओळखायची नाही मला."

दिग्दर्शक उभा राहिला. "माझ्या भावाचा तीळ डावीकडे होता. हा उजवीकडे कसा?"

बाबा जराही गडबडले नाहीत. "पैलतीरावरून पाहताना सगळं आरशासारखं उलटं दिसतं, बाळ. हीच तर खूण." टाळ्या पडल्या. चूक पकडली तर तिचाच पुरावा झाला.

तेवढ्यात मागून शिंपी बोलला. आवाज अजून ओलाच होता. "माझ्या वडिलांचा खिसा डावीकडेच दिसला. शर्ट मीच शिवला होता. आरसा असता तर खिसा उजवीकडे गेला असता."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. दिग्दर्शक पडद्याकडे वळला. "धाकट्या, तीळ सरकला तेव्हा तू मला काय म्हणाला होतास?"

पडद्यावरचा चेहरा हसत राहिला. बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "दादा, तुझं प्रेम मला इथे पोचतं."

दिग्दर्शक तडक मंचावर चढून पडद्यामागे गेला. तिथे एक बाई कानाला हेडफोन लावून लॅपटॉपवर बसली होती. शेजारी आईने पहिल्या भेटीआधी भरून दिलेला अर्ज होता: मुलाचं नाव, लाडाच्या हाका, घरातली आजारपणं. 'मुलाचा व्हिडिओ' या रकान्यात आईने त्या सिनेमाचा इंटरनेटवरचा पत्ता लिहिला होता. तिच्यापाशी दुसरं काही नव्हतंच.

"मी फक्त टाइप करते," बाई म्हणाली.

त्याने पडदा बाजूला ओढला आणि सगळ्यांना दाखवलं. ही लिहिते, यंत्र तुमच्या माणसाच्या आवाजात वाचतं, ओठ हलवतं. "सिनेमा म्हणजेही खोटंच," तो म्हणाला. "मी तेच करतो. पण ते खोटं आहे हे तुम्हाला तिकीट काढतानाच माहीत असतं, आणि मी कुणाचं औषध बंद करत नाही." मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे पडदेबाबा तोवर मागच्या दाराने पसार झाले होते. काही लोक बाबांवर चिडले. काही मात्र दिग्दर्शकावरच चिडले, कारण त्यांचा नंबर यायचा होता.

दवाखान्यात जाताना रिक्षात आई म्हणाली, "तीळ मला पहिल्याच दिवशी दिसला होता."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर गेला असता."

तिची दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला. आता रोज सकाळी ती स्वतःच सुई टोचून घेते, आणि तेव्हा कुणाकडे बघत नाही.

दिग्दर्शक हल्ली प्रत्येक खेळाआधी ती उलटी दृश्यं आणि मूळ दृश्यं शेजारी शेजारी दाखवतो. लोकांना एवढंच सांगतो की आपलं माणूस परत आलंय असं वाटलं तर त्याला विचारा, खुशाल विचारा. खरं असेल तर विचारल्याने ते पळून जाणार नाही. आणि कुणी औषध सोडायला सांगितलं, तर आधी पडद्यामागे जाऊन या.