छपराखालची राहिलेली पट्टी

मी एक शिडी आहे. घराच्या मागच्या भिंतीला दोन खुंट्यांवर आडवी टांगलेली, लाकडाची, जड. माझा एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब आहे. लंगडी म्हणा हवं तर, मला राग नाही. पण या गल्लीत मला माणूस पाडणारी शिडी म्हणतात, ते मात्र खरं नाही. तेच सांगायचं आहे.

घर बांधलं तेव्हा सुताराने खिडक्यांच्या चौकटी आणि छपराच्या कडेची लांब पट्टी एकाच झाडाच्या लाकडातून काढली. उरलं त्यातून मी झाले. म्हणजे वर दिसतात त्या माझ्या सख्ख्या बहिणी. त्या ऊनपाऊस खायला वर गेल्या, मी खाली राहिले. घरापुढची फरशी उतरती होती, म्हणून सुताराने माझा उजवा पाय लांब ठेवला. "ही इथंच नीट उभी राहील, दुसरीकडं कुठं नाही," तो म्हणाला. मला ते बरं वाटलं. आपलं एकच घर असावं.

घराचा मालक कवळ्या बनवायचा. दातांच्या दवाखान्यांतून ठसे यायचे, आणि पुढच्या खोलीत दिव्याखाली बसून तो एकेक दात घासून बसवायचा. गल्लीत सगळे त्याला दातवाले म्हणत. स्वभावाने तसा साधा, पण आपल्या हातच्या कामाला कुणी नाव ठेवलेलं त्याला खपत नसे.

त्याचा धाकटा भाऊ रंगारी. धंदा नुकताच सुरू केलेला, कपड्यांवर कायम रंगाचे शिंतोडे, तोंडाचा फटकळ. घराच्या भिंती त्यानेच रंगवल्या. चौकटी आणि छपराची पट्टी मात्र दातवाल्यांनी स्वतः करायची ठरवली. "माझ्या घराला माझा हात लागायला नको का?" एवढंच त्यांचं म्हणणं. सुटीच्या दिवसांत माझ्यावर चढून त्यांनी सगळं रंगवलं. खरं सांगते, काम चांगलं नव्हतं. रंग जाड बसला, कोपऱ्यांत ओघळ आले, काचांना डाग पडले.

नवं घर पाहायला माणसं आली, त्यात धाकटाही होता. त्याने मान वर केली, डोळे बारीक केले आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "दादा, हे रंगवलंय की पट्टीला दंतमंजन लावलंय?"

सगळे हसले. दातवालेही हसले, पण सगळ्यांच्या नंतर. मी भिंतीला टेकून उभी होते आणि त्यांचा हात माझ्या दांड्यावर होता. तो हात कसा घट्ट झाला ते मला कळलं. धाकट्याला कळलं नाही. तो खायला बसला होता.

एवढ्यावरून दोघांत अबोला सुरू झाला. भांडण झालं असतं तर मिटलंही असतं. इथं भांडणच नव्हतं. दादाने बोलावलं नाही, धाकटा आला नाही, असं करत वर्षं गेली.

रंग उडाला की दातवाले मला बाहेर काढायचे. आधी जुने पापुद्रे खरवडायचे, मग पॉलिश पेपरने घासायचं, भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, मग एक हात प्रायमरचा आणि दोन हात रंगाचे. हे सगळं ते शिकत गेले. ओघळ थांबले, काचा स्वच्छ राहू लागल्या. दर वेळी बायको खालून मला धरून उभी राहायची, आणि दर वेळी तेच बोलणं व्हायचं.

"अहो, घरातच रंगारी असताना हा खटाटोप कशाला? भाऊजींना एक फोन करा."

"माणूसच लावायचा तर परका लावीन."

"मग लावा की परका."

"का? मला हात नाहीत?"

ती मग मला आणखी घट्ट धरायची. तिला कळत होतं की ते पट्टी रंगवत नाहीत, धाकट्याला उत्तर देतायत. फक्त ते उत्तर ऐकायला धाकटा कधी त्या गल्लीत फिरकतच नव्हता.

शेवटच्या वेळी मला बाहेर काढलं तेव्हा ते म्हातारे झाले होते. पहिल्या पायरीवर चपलेचा तळ दोनदा घासायची त्यांची सवय होती. तसा घासला आणि चढले. वजन कमी झालं होतं, पण पाऊल जड पडत होतं. खालच्या चौकटी झाल्या, लांब पट्टी झाली. माळ्याच्या खिडकीवरचा, छपराच्या टोकाचा तुकडा तेवढा राहिला. टर्पेंटाइन संपलं, म्हणून त्यांनी बायकोला दुकानात पाठवलं.

"मी येईपर्यंत वर जाऊ नका," ती म्हणाली.

"नाही जात," असं म्हणून ते लगेच चढले.

भर दुपार होती. गल्लीत कुणी नव्हतं. अगदी वर पोहोचल्यावर ते थबकले. त्यांच्या पायांना कापरं भरलं, ते माझ्या लाकडात उतरलं. त्यांनी घाई केली नाही. डब्याचं झाकण तळव्याने सगळीकडून दाबून बसवलं, ब्रश फडक्यात गुंडाळला, दोन्ही माळ्याच्या खिडकीबाहेरच्या अरुंद कट्ट्यावर आतल्या बाजूला सरकवून ठेवलं आणि दोन्ही हातांनी मला धरून एकेक पायरी खाली आले. सगळ्या पायऱ्या उतरले. शेवटच्या पायरीवर बसले. छातीवर हात ठेवून वर बघत राहिले.

"धाकट्याला बोलवायला हवं," ते म्हणाले. "वरचं आता मला नाही जमायचं. त्याला बोलवायलाच हवं."

मग त्यांनी डोकं माझ्या दांड्याला टेकलं. थोड्या वेळाने ते एका बाजूला कलले आणि फरशीवर पडले. तेव्हा त्यांच्यात जीव नव्हता.

बायको आली तेव्हा तिच्या हातातली बाटली फुटली. लोक धावत आले. वर अर्धवट रंग, खाली माणूस, मध्ये मी. कुणालाच विचारायची गरज वाटली नाही. "शिडीवरून पडले," समोरच्या घरातली शिक्षिका म्हणाली, आणि तेच सगळ्यांचं झालं. धाकटाही त्या दिवशी आला. मागे उभा राहिला, वरच्या उघड्या लाकडाकडे एकदा बघितलं आणि कुणाशी न बोलता निघून गेला. शेजाऱ्यांनी मला उचलून मागच्या भिंतीला टांगलं. उचलताना एकाने मला लाथ मारली.

त्यानंतर पावलं सुरू झाली.

रात्री नाही, दुपारी. ऊन मागच्या भिंतीवर आलं की माझ्या पहिल्या पायरीवर चपलेचा तळ घासला जायचा. दोनदा. मग दुसऱ्या पायरीवर भार, मग तिसऱ्या. मी आडवी टांगलेली, तरी भार खालून वरच जायचा. शेवटपर्यंत जायचा, थांबायचा आणि परत यायचा. मी कुरकुरायची. कुरकुरणं माझ्या हातात नव्हतं.

त्यांचा मुलगा शहरातून आला होता. तो म्हणाला, "आई, लाकूड आहे ते. उन्हात फुगतं, आवाज येणारच." दुसऱ्या दुपारी तो स्वतः मागे येऊन उभा राहिला. घासल्याचा आवाज त्याने ऐकला. ती सवय त्याने लहानपणापासून ऐकलेली. तो आत गेला आणि आईला म्हणाला, "तू माझ्याकडे राहायला चल. घर विकून टाकू."

"वरचं राहिलंय ना रे त्यांचं," ती म्हणाली. "अर्धवट घर कसं विकू?"

ती घाबरत नसे. भांडी घासता घासता मागच्या दाराशी यायची आणि माझ्याकडे बघून, कपाळाला आठ्या घालून विचारायची, "आता काय राहिलंय वर? एवढ्याशा पट्टीसाठी जिवाला चैन नाही होय?" मग तिचा आवाज बदलायचा. "मी बाटली आणायला गेले नसते तर धरून उभी राहिले असते. माहीत आहे मला. रोज येऊन सांगायला नको."

मला ओरडावंसं वाटायचं. बाई, ते पडले नाहीत हो. तुमच्या बाटलीचा काही संबंध नाही. पण लाकूड काय ओरडणार? ते फक्त कुरकुरतं, आणि माझ्या कुरकुरण्याचा तिने भलताच अर्थ लावला.

एक दिवस तिने मला खुंटीवरून काढलं आणि ओढत पुढे आणलं. पदर खोचला आणि स्वतःच चढू लागली. दोन पायऱ्या चढली. तिसऱ्या पायरीवर पाय ठेवायला गेली तर तिथे आधीच भार होता. मला तो कळत होता. तिलाही कळला असावा, कारण तिचा पाय हवेतच राहिला. तेवढ्यात समोरून शिक्षिका ओरडली, "अहो काकू, खाली उतरा! तुम्हाला वेड लागलंय का?"

ती उतरली. आत जाऊन तिने फोन लावला. खिडकी उघडी होती.

"भाऊजी, मी बोलतेय. वरची पट्टी राहिलीय. तुम्ही या."

पलीकडून त्याने दुसऱ्या कुणाचं नाव सुचवलं असावं. मग ती म्हणाली, "नाही, दुसरा रंगारी नको. तुम्हीच."

धाकटा आला. केस पांढरे झाले होते, फटकळपणा कुठेच दिसत नव्हता. गाडीवरून त्याने आपली अॅल्युमिनियमची शिडी काढली. उतरत्या फरशीवर ती डुगडुगू लागली. त्याने खाली विटेचा तुकडा घातला, पुठ्ठा घातला, तरी डुगडुगली. शेवटी त्याने माझ्याकडे बघितलं.

"हिच्यावरून मी नाही चढणार, वहिनी."

"मी धरते," ती म्हणाली.

तिने दोन्ही हातांनी मला धरलं. तो चढला. त्याच्या मागे, दोन पायऱ्या सोडून, आणखी कुणीतरी चढत होतं. नवखं नव्हतं ते पाऊल. निम्म्यावर गेल्यावर धाकटा थांबला. त्याने मान वळवली नाही.

"वहिनी, तुम्ही मागून चढू नका. दोघांचा भार नको."

"मी खालीच आहे, भाऊजी."

त्याच्या हातांना घाम फुटला, तो माझ्या दांड्याला लागला. तरी तो वर गेला. टोकाला पोहोचला. मग त्याने कट्ट्यावर हात घातला. डबा आणि फडकं काखेत धरून तो खाली आला, खाली ठेवलं आणि फरशीवर उकिडवा बसला.

"वहिनी, हे बघा. झाकण बघा."

"काय आहे?"

"सगळीकडून दाबलंय. ब्रश गुंडाळून ठेवलाय. पडणारा माणूस झाकण लावतो का? दादा पडला नाही. त्याला बरं वाटेनासं झालं, त्याने काम आवरलं आणि तो उतरला. त्याला जे काही झालं ते खाली आल्यावर झालं."

ती डब्याकडे बघत राहिली. मग माझा दांडा तसाच धरून रडली. अंगातलं पाणी संपेपर्यंत रडली. धाकट्याने तिला थांबवलं नाही. तोही रडत होता, पण डोळे पुसायला त्याच्याकडे रंगाचंच फडकं होतं, त्यामुळे त्याच्या गालावर पांढरे पट्टे उठले. ते बघून तिला रडता रडता हसू आलं.

त्याने ती पट्टी रंगवली. खरवडून, घासून, लांबी भरून, प्रायमर लावून, रंगाचे दोन हात मारून. बाजूला दादाचं काम होतं, त्याच्यावरून त्याने बोट फिरवलं. "चांगलं काढलंय," तो हळूच म्हणाला. आपल्याच जवळ कुणीतरी उभं असल्यासारखं. त्या कामाला त्याने ब्रश लावला नाही.

सगळं झाल्यावर तो माझ्या शेवटच्या पायरीवर येऊन बसला. तिने पाणी आणून दिलं. तो ते प्यायला नाही, नुसतं हातात धरून बसला.

"वहिनी, खरं सांगा. दादाने मला कधी बोलवलं असतं का?"

खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"नाही वाटत मला, भाऊजी. शेवटपर्यंत म्हणत होते, परका लावीन."

त्याने मान हलवली. पाणी प्यायला. भांडं नीट तिच्या हातात दिलं.

आणि मी तिथेच होते. त्याचं सगळं वजन त्याच पायरीवर होतं, जिच्यावर बसून दादा बोलला होता. मी इतक्या जोरात कुरकुरले की त्याने खाली बघितलं. "हिचे सांधे सुटलेत, वहिनी," तो म्हणाला. "आता हिला वापरू नका. एखाद्या दिवशी मोडेल." मग तो उठला आणि सामान गाडीत भरू लागला.

मला परत खुंट्यांवर टांगलं गेलं. मुलगा आता घर विकायचं म्हणत नाही. बाई शेजारणींना सांगते की आवाज थांबला, त्यांना शांती मिळाली. आवाज थांबलेला नाही. तिचे कान थकले आहेत.

दुपारी ते अजून येतात. तळ घासतात, चढतात. वर आता काहीच राहिलेलं नाही, हे त्यांनाही दिसत असणार. मग उतरतात आणि शेवटच्या पायरीवर बसून तेच वाक्य बोलतात, धाकट्याला बोलवायला हवं. ऐकायला मी एकटीच. मला वाळवी लागली आहे, डाव्या दांड्यातून भुसा गळतो. कधीतरी मुलगा मला तोडून टाकील. त्यानंतर ते कुठे बसतील, कुणाला सांगतील, हा विचार मला सोडत नाही.

धाकटा अजून कामं घेतो. म्हातारा आहे, पांढऱ्या केसांचा, फार बोलत नाही. तुमच्या चौकटी रंगवायला माणूस लावायची वेळ आली आणि तुमच्या दारात असा कुणी आला, तर कामाला लागायच्या आधी त्याला क्षणभर बसवा. भाऊ होता का, विचारा. तो होता म्हणाला, तर त्याला एवढंच सांगा: बोलावलं होतं.