परलोकातून निवडलेला डेस्कटॉप

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. मशीनबाबांनी मोठ्या पडद्यावर एका संगणकाच्या आत दुसरा संगणक उघडला होता आणि त्यात लिनक्स ही संगणकप्रणाली चढवायला घेतली होती. "कोरी करकरीत काया!" बाबा गरजले. "आता हिच्यात आत्मा उतरेल!"

पहिल्या रांगेत ताई आईचा हात धरून बसली होती. तिचा धाकटा भाऊ अपघातात गेला, तेव्हापासून आई या बैठकांना यायची. मागच्या वेळी बाबांनी त्याच्या आत्म्याला विचारलं होतं, 'आईने हृदयाच्या गोळ्या घ्याव्यात का?' पडद्यावरचा बाण आपोआप सरकून 'नाही'वर टेकला. त्या दिवसापासून गोळ्या बंद. ताई कॉलेजात संगणक शिकवायची, पण पिकतं तिथे विकत नाही.

पडद्यावर यादी आली. डेस्कटॉप कोणता हवा? म्हणजे खिडक्या, चित्रं, रंग, संगणकाचा सगळा चेहरामोहरा. बाबांनी हात वर केले. "मी शिवणारसुद्धा नाही. बाळा, तुझा तू निवड!"

बाण थरथरत निघाला आणि सगळ्यात नटव्या, अवजड डेस्कटॉपवर खूण झाली.

"हाच! घरी हाच आहे!" आईला हुंदका फुटला.

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. घरचा तो डेस्कटॉप भावाने आईसाठी टाकला होता, ठळक चित्रांचा. त्याचं वर्णन बाबांना आईनेच सांगितलं होतं. भाऊ स्वतः मात्र अशा संगणकाच्या पोटातल्या संगणकात कायम सगळ्यात हलका घ्यायचा. "दुसऱ्याच्या घरी राहायला जाताना कपाट नेतात का गं?" म्हणायचा.

ती उठली. संगणकाच्या मागे बिनतारी माऊसचे इशारे पकडणारा नखाएवढा तुकडा खोचलेला होता. तिने तो उपटला. पुढच्या बटणाकडे निघालेला बाण जागच्या जागी थिजला. कोपऱ्यात बसलेल्या बाबांच्या शिष्याचा हात मात्र शालीखाली अजून सरकतच होता. तिने शाल ओढली आणि माऊस खाली पडला.

"पापिणीने आत्मा पळवून लावला!" बाबा ओरडले. निम्मा हॉल ताईवरच धावून आला.

"अहो, मेलेली माणसं माऊस हलवत नाहीत!" ती जीव तोडून सांगत होती. "काही आपोआप हललं, तर आधी हात शोधा! आणि गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा!"

घरी तिने गोळी आणि पाणी पुढे केलं. "डोळ्यांनी बघितलंस ना, आई?"

"बघितलं. सगळं खोटं होतं, कळतं मला."

"मग घे ना."

आईने तोंड फिरवलं. "घेतली, तर तो खरंच गेला असं होईल गं."

थोड्या वेळाने आईनेच विचारलं, "बाबांची पुढची बैठक कुठे आहे?"