गाडीवरचं परडं

गाव सोडायची वेळ आली तेव्हा शहाण्या माणसांनी दागिने, कपडे आणि ज्वारीची पोती गाडीत घातली. इरम्मानं पाटा घेतला, वरवंटा घेतला, दात पडलेली फणी घेतली, विहिरीची जुनी चामड्याची मोट घेतली आणि रॉकेलचे दोन रिकामे डबेसुद्धा मागं सोडले नाहीत. तिची सून शिवगंगा दिवस भरत आलेली गरवारशी. बांबूच्या तट्ट्यानं झाकलेल्या गाडीत या पसाऱ्यामध्ये ती अंग चोरून कशीबशी बसली होती. "अव्वा, बैलं मरतील की ग," असं मुलगा महांतप्पा म्हणाला, तर म्हातारी उसळली. "बैलाची लई काळजी! माणसाला जगायला सामान लागतं का न्हाय?" घरात तिच्यापुढं कुणाचं चालत नव्हतं, ते गाडीत काय चालणार?

ते निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष होतं; पण शेवटचं आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. रझाकारांच्या धाडीच्या भीतीनं नळदुर्गाच्या आजूबाजूची गावंच्या गावं रिकामी होत होती. इरम्माच्या गाडीनं गावाची शीव गाठली, तेवढ्यात तिनं गाडी थांबवायला लावली. तांब्याची घागर काखेत मारून ती एकटीच आपल्या रानात उतरली. पुष्कळ वेळानं आली तेव्हा घागर काळ्या मातीनं भरलेली होती आणि तोंडाला फडकं बांधलेलं होतं. तट्ट्याआडून शिवगंगाला रान दिसत नव्हतं. तिनं मनात कपाळावर हात मारला. आता मातीसुद्धा! चूल घालायला घेतली असेल, नाहीतर केस धुवायला. महांतप्पा कासरा धरून खाली मान घालून बसला होता; पण तो एरवीही फारसा बोलत नसे, त्यामुळं त्यात तिला वेगळं काही वाटलं नाही.

तामलवाडीच्या पुढं एक मुरमाड माळ होता. माळाच्या अलीकडं निजामाचं राज्य आणि पलीकडं सोलापूरची हद्द. देवानं गंमत अशी केली होती की विहीर अलीकडं होती आणि जिवाची हमी पलीकडं. म्हणून माळावरच्या बिऱ्हाडांचा रिवाजच पडला होता. दिवस बरा असला की गाड्या विहिरीजवळ उभ्या राहायच्या, आणि धाडीची नुसती आवई उठली तरी चुलीवरची भाकरी तव्यासकट उचलून, बैल जुंपून सगळी पलीकडं पळायची. कधी एका दिवसात दोनदा. महांतप्पा सोलापूरच्या अडत बाजारात हमाली करायचा आणि आठवड्याच्या सुट्टीला येऊन पीठमीठ टाकून जायचा. बाकी दिवस घर म्हणजे ही गाडी, आणि घरात दोन बायका.

पोर गाडीखालीच झाली. शेजारच्या गाडीतल्या कडूबाईनं बाळंतपण केलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप सुटल्या. पण शिवगंगाला दूध येईना. नुसत्या भाकरीवर आणि तिखटावर दूध कुठून येणार? पोरगी ओढायची, सोडायची आणि ताठ होऊन रडायची. इरम्माच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला नातीचं तोंड धड दिसत नव्हतं, पण रडणं मात्र कानात शिरायचं. ती बोटांनी नातीच्या बरगड्या चाचपायची आणि हात काढून घ्यायची. शिवगंगाला ते बोटांनी चाचपणं सगळ्यात जास्त लागायचं. दुसऱ्या कुणी पोटभर शिव्या दिल्या असत्या तरी तिला इतकं वाईट वाटलं नसतं.

"शेपू खा ग," कडूबाई म्हणाली. "दुधाला शेपूवानी दुसरं काय न्हाय."

"माळावर शेपू कुटनं आणू, मावशी?"

कडूबाईनं कमरेची पिशवी सोडली. पळून आलेली असली तरी ती शेतकऱ्याची बायको होती. शेपू, मेथी, चुका, सगळ्याचं बी फडक्याच्या वेगवेगळ्या गाठींत बांधून तिनं जवळ ठेवलेलं होतं. "बी हाय की. पर लावशील कुटं? जिमीन तर रोज हालतीया."

जमीन हालत नव्हती, घर हालत होतं. पण शिवगंगाला त्यातूनच वाट सुचली. भाजीचं परडं जमिनीवर करायचं नाही, गाडीवर करायचं. घर पळालं की परडंही पळेल. तिनं रॉकेलच्या डब्यांना खिळ्यानं बुडाशी भोकं पाडली आणि सुंभानं बांधून गाडीच्या मागं टांगले. माळावरचा मुरूम आणि शेण कालवून त्यात मेथी पेरली. मेथी उगवली, पण आजाऱ्यासारखी पिवळी. तेवढ्यात आवई उठली, गाड्यांची रांग पलीकडं निघाली, आणि मागून येणाऱ्या कडूबाईच्या बैलानं मान लांब करून तीही मेथी मुळासकट खाऊन टाकली. "माझ्या बैलाला दूध येतंय बघ आता," कडूबाई म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी त्या माळावर दोन बायका पोट धरून हसल्या.

हसून झालं आणि शिवगंगा कामाला लागली. तिनं डबे मागून काढून गाडीच्या दोन्ही अंगांना बांधले, म्हणजे मागच्या बैलाचं तोंड पोचणार नाही. जुनी मोट एका डब्याखाली झोळीसारखी टांगली. वरच्या डब्यातून झिरपलेलं पाणी तिच्यात पडेल आणि एका तांब्यात दोन ठिकाणची तहान भागेल. मोटेत शेणमुरूम घालून पुदिन्याची कांडी खोचली. तो बेशरम, कुठंही येतो. प्रश्न राहिला शेपूचा. त्याला चांगली माती पाहिजे. विहिरीजवळच्या रानात काळी माती होती, पण चुलींसाठी लोकांनी तिथं खड्डेच खड्डे केल्यामुळं रानाच्या मालकानं ढेकूळसुद्धा उचलू द्यायचं बंद केलं होतं.

मग तिला घागर आठवली. इरम्मा तेव्हा नातीला मांडीवर घेऊन झाडाच्या सावलीला बसली होती. पोतं बाजूला सारून शिवगंगानं घागरीचं फडकं सोडलं. माती अशी होती की मुठीत दाबली तर लाडू व्हावा. विचारावं असं तिच्या मनातही आलं नाही. चुलीच्या मातीला कोण कुणाला विचारतं? डब्यांतला मुरूम काढून दोन्ही डबे तिनं निम्मे भरले. रिकामी घागर घासून तिनं पाण्याला काढली, कारण मातीचा घडा कालच्या पळापळीत फुटला होता.

शेपू आला. भांड्यांचं धुतलेलं पाणी, हात धुतलेलं पाणी, सगळं ती त्याच्या मुळाशी घालायची. एकदा हद्दीवरच्या नाक्याचा शिपाई पलीकडं निघालेली ती हिरवी गाडी बघून हसला. "क्या अम्मा, बाग लेको किधर भागते?" त्यानं तट्ट्याआत डोकावूनही पाहिलं नाही. वरवरची पानं खुडायची, मुळं तशीच ठेवायची, असं करत शिवगंगा रोज मूठभर शेपू भाकरीबरोबर खाऊ लागली. हळूहळू तिचं अंग भरलं. पोरगी रडता रडता मध्येच गप्प व्हायला लागली, आणि इरम्माची बोटं तिच्या अंगावर जास्त वेळ थांबू लागली.

अशात माळावरचे म्हातारे महालिंगप्पा गेले. तेही इरम्मासारखेच लिंगायत. त्यांचे पुरोहित जंगम आले आणि रिवाजाप्रमाणं त्यांना बसवून पलीकडच्या हद्दीत माती दिली. इरम्मा काठी टेकत गेली होती. आल्यावर तिनं कडूबाईला एकच विचारलं, "खड्ड्यात माती कुटली घातली?"

"कुटली म्हंजे? तिथलीच. मुरूमच की तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवगंगा विहिरीवरून आली, तर गाडीतलं सगळं सामान खाली पडलेलं आणि म्हातारी गुडघ्यांवर बसून पोत्यांमागं हात घालत होती.

"काय शोधताय, आत्याबाई?"

"न्हाय काय." ती घामानं भिजली होती. शिवगंगानं कमरेवरची घागर तिच्याजवळ ठेवली. आवाजाच्या दिशेनं इरम्माचा हात गेला. घागरीच्या गळ्याशी एक पोचा होता. बोटं त्या पोच्याशी थांबली. मग हात आत गेला आणि पाण्यात बुडाला.

"हिच्यात माती व्हती," ती म्हणाली.

"व्हती की. ती म्या डब्यांत घातली. शेपू त्याच मातीत तर आलाय."

इरम्मा होती तिथंच खाली बसली. मग अगदी हळू म्हणाली, "ती तुझ्या मामंजींची माती व्हती ग. त्यांच्या समाधीवरची."

शिवगंगाचे सासरे वीरप्पा दिवाळीच्या सुमारास गेले होते. त्यांना त्यांच्याच रानाच्या कोपऱ्यात बसवलं होतं, आणि शेजारची जागा इरम्मानं तेव्हाच सगळ्यांदेखत आपली म्हणून सांगून ठेवली होती. ती जागा आता धाडीच्या मुलखात राहिली.

"उद्या माजं हितंच झालं तर त्यांच्याजवळ कशी जाऊ म्या? म्हून आणली. माझ्या खड्ड्यात ती पडली असती, तर म्या म्हनले असते, व्हय, शेजारी बसलो."

"मला सांगायचं तरी!"

"तू गरवारशी. मग बाळंतीण. तुझ्याम्होरं मरणाचं बोलू व्हय? अशुभ न्हाय का ते?"

आपण काय खाल्लं आणि पोरीला काय पाजलं, हे एकदम शिवगंगाच्या समोर आलं. "आत्याबाई, माझ्या हातनं इटाळ झाला का हो?"

"आपल्यात कसला इटाळ? गळ्यात लिंग हाय तुझ्या." एवढं म्हातारी लगेच म्हणाली. पण पुढं तिचं तोंड वाकडं झालं आणि ती लहान पोरीसारखी रडू लागली. शिवगंगानं तिला नवरा गेला तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं. ही खमकी, कुणाचं न ऐकणारी बाई एका घागरीवाचून पोरकी झाली होती, आणि ते आपण केलं.

ती उठली. घागरीतलं पाणी तिनं मोटेत ओतलं, पदरानं घागर कोरडी केली आणि पहिल्या डब्यातला शेपू उपटायला लागली. एकेक मूळ झटकून माती घागरीत टाकायची, कण न कण.

कडूबाई धावत आली. "आगं बया, आन लेकराचं काय?"

"बघीन कुटनं तरी."

"कुटनं?"

शिवगंगा उपटतच राहिली. डोळे पुसायचे तर हात मातीचे. पहिला डबा रिकामा झाला आणि तट्ट्याखाली पोरगी उठून रडायला लागली. भूक कुणाची समाधी बघत नाही. शिवगंगानं तसेच हात झटकले, तिला घेतलं आणि इरम्माच्या शेजारी बसून अंगावर लावलं. ताजा शेपू बाजूला ढिगानं पडला होता आणि त्याचा उग्र वास सुटला होता.

पोरगी घटाघटा पिऊ लागली. एवढुशा गळ्याचा आवाज, पण स्पष्ट येत होता. घोट, श्वास, घोट. आंधळ्या माणसाला कान हेच डोळे. इरम्माचं रडणं थांबलं. तिनं मान तिरकी करून ऐकलं, हात पुढं केला आणि नातीच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. प्रत्येक घोटाबरोबर गळा तिच्या बोटांखाली हालत होता. पोरगी पोट भरून झोपेपर्यंत तिनं बोटं काढली नाहीत.

"दुसरा डबा हाय का उपटलास?" तिनं विचारलं.

"हाय अजून."

"ऱ्हाऊ दे. आन ह्यो परत भर."

"आन तुमची माती?"

"माती कुटं पळून चाललीया? माजी येळ आली की दोनी डबे मुळासकट माझ्या अंगावर उपडे करा. तवर कापत ऱ्हा."

शिवगंगानं घागरीतली माती ओंजळीनं डब्यात परत घातली. इरम्मा सरकत सरकत डब्याजवळ आली आणि कडूबाईपुढं तळहात पसरला. कडूबाईनं त्यावर शेपूचं बी ठेवलं. म्हातारीनं बोटानं रेघा ओढल्या, बी सोडलं आणि वरून माती हलकेच दाबली. आयुष्यात नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलं नव्हतं, तेव्हाही घेतलं नाही. फक्त डब्यावर वाकली आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "अवो, ऐकलं का? नात झालीया तुमाला. दूध लागतंय तिला."